ब्लॉकचेन शिकायचंय? आधी वही-पेन काढा, वॉलेटचं नंतर बघू

दिवाळीत मामेभाऊ घरी आला होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, फराळाची प्लेट हातात घेऊन पहिलाच प्रश्न, "दादा, ब्लॉकचेन शिकायचंय, कुठलं कॉइन घेऊ?" मी म्हटलं, तोळाभर सोनं घेतलं म्हणून सोनारकाम येतं का रे? तो हसला, पण प्रश्न खरा होता, कारण ब्लॉकचेन म्हणजे खरंतर अनोळखी लोकांनी मिळून ठेवलेली, मागे खाडाखोड न करता येणारी खातेवही, पण इंटरनेटवर ते शोधलं की दहातले आठ जण कॉइनच विकत असतात, आणि उरलेले दोन "विकेंद्रित", "अपरिवर्तनीय" असले शब्द फेकून मोकळे होतात. मग त्याला मी एक लांबलचक मेसेज लिहिला, तोच इथे नीट वाढवून देतोय. मी काही क्रिप्टोग्राफर नाही, सॉफ्टवेअरमधे नोकरी करतो आणि हे सगळं संध्याकाळी जेवणानंतर तासभर बसून शिकलो, त्यामुळे कुठे अडकायला होतं ते मला चांगलंच माहितीय.

लागणार काय? दहावीपर्यंतचं गणित (खरंच तेवढंच, फक्त विसरलेलं नको), थोडंफार पायथन, एक साधा लॅपटॉप, एक दोनशे पानी वही, आणि रोजचा तास धरला तर पाच-सहा महिने. न लागणारी गोष्ट म्हणजे पैसे. आधी थोडे पैसे लावले की शिकायला हुरूप येतो असं लोक सांगतात, मला तर उलटा अनुभव आला, पैसे लावले की माणूस पुस्तक उघडायच्या ऐवजी दर पंधरा मिनिटांनी भाव बघतो. शिवाय आपल्याकडे एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के टॅक्स आणि जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही, म्हणजे प्रयोग म्हणून पाचशे-हजार फिरवायचे म्हटले तरी रिटर्न भरताना डोक्याला ताप. प्रयोगासाठी फुकटचं टेस्ट नेटवर्क असतं, ते पुढे येईलच.

आणि दोन दिवसात सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासला जाऊ नका. मी गेलोय. पहिल्या दिवशी नाश्ता चांगला होता, दुसऱ्या दिवशी कळलं की दीड दिवस आपण फक्त भावाचे चार्ट बघितले.

पहिली पायरी: हॅश, आणि तोही स्वतःच्या हाताने

सगळ्या इमारतीचा पाया एकच, हॅश फंक्शन. कितीही मोठा मजकूर द्या, बाहेर ठराविक लांबीचा आकडा येतो. बिटकॉइन, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारं सगळ्यात प्रसिद्ध नाणं, वापरतं ते शा-२५६, अमेरिकेच्या एनएसए ह्या संस्थेने तयार केलेलं, २००१ सालचं. बाहेर २५६ बिट येतात, म्हणजे हेक्सात (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत) लिहिले तर ६४ अक्षरं. पायथनमधे हॅशलिब नावाची लायब्ररी आधीपासूनच असते, दोन ओळीत काम होतं. इंग्रजी लहान अक्षरात 'हेलो' द्या, उत्तर २-सी-एफ-२-४-डी-बी-ए असं सुरू व्हायला पाहिजे. झालं? आता शेवटी एक उद्गारचिन्ह लावा आणि परत करा, सगळंच्या सगळं उत्तर बदलतं, आधीच्याशी काही म्हणजे काही नातं उरत नाही. हे वाचून "हो माहितीय" म्हणू नका, दहा-पंधरा वेळा करा, मजा येते.

इथे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली ती सांगतो. पायथनमधे उत्तर बरोबर यायचं पण लिनक्सच्या टर्मिनलमधे इको कमांडने तोच शब्द पाठवला की उत्तर ५-८-९-१-बी-५ असं भलतंच सुरू व्हायचं. मला वाटलं लायब्ररीतच घोळ आहे. शेवटी कळलं की इको गुपचूप शेवटी नवीन ओळीचं एक न दिसणारं अक्षर चिकटवतो, त्यामुळे पाचाऐवजी सहा बाइटचा हॅश निघत होता. म्हणजे हॅशला शब्द कळत नाहीत, बाइट कळतात, आणि हे एकदा अंगावर आलं की कायमचं लक्षात राहतं.

ह्याच्या पुढचा प्रयोग खास आपल्या मराठीवाल्यांसाठी आहे. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातला तो ऱ्या आहे ना, तो कम्प्युटरमधे तीन तऱ्हेने लिहिता येतो: एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरं म्हणजे साधा र आणि खाली वेगळा नुक्ता देऊन, आणि तिसरं म्हणजे र ला हलन्त देऊन मधे झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, प्रिंट काढलीत तरी फरक कळणार नाही, पण हॅश तीन वेगवेगळे. पहिल्या दोघांचं भांडण यूनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत) मिटतं, तिसऱ्याचं त्यानेही मिटत नाही, तो तुम्हाला स्वतः पकडावा लागतो. उद्या कुणी सातबाऱ्याचा किंवा सर्टिफिकेटचा मजकूर हॅश करून ब्लॉकचेनवर टाकायचं काम तुम्हाला दिलं तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येणार, आणि इंग्रजीतून शिकवणाऱ्या कुठल्याही व्हिडिओत तो नसणार.

हॅशचे गुण तीन. एक, उत्तरावरून मूळ मजकूर काढता येऊ नये. दोन, दिलेल्या मजकुराला जुळणारा दुसरा मजकूर सापडू नये. तीन, कुठलेही दोन मजकूर असे सापडू नयेत ज्यांचा हॅश एकच. दुसरा आणि तिसरा सारखाच वाटतो, पण वर्गात तुमच्याच वाढदिवसाचा दुसरा मुलगा सापडणं अवघड, आणि कुठल्याही दोघांचा वाढदिवस जुळणं सोपं, २३ मुलं असली की निम्म्याहून जास्त शक्यता असते. त्यामुळेच २५६ बिटच्या हॅशची तिसऱ्या प्रकारातली ताकद २ च्या १२८ व्या घाताएवढीच धरतात. तरी ती अफाटच आहे म्हणा.

दुसरी पायरी: मागील पानावरून पुढे

जुन्या किराणा दुकानाची चोपडी बघितली असेल तर ब्लॉकचेन तुम्हाला अर्धी समजलेली आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर "मागील बाकी" लिहिलेली असते. मधल्या एखाद्या पानावर कुणी खाडाखोड केली तर पुढच्या पानावरची मागील बाकी जुळत नाही, ती जुळवायची तर त्याच्या पुढचं पान बदला, मग त्याच्याही पुढचं. ब्लॉकचेनमधे पान म्हणजे ब्लॉक, आणि मागील बाकीच्या जागी मागच्या ब्लॉकचा हॅश असतो, एवढाच फरक. ही कल्पना बिटकॉइन काढणाऱ्या सातोशी नाकामोतोची नाही बरं का, हेबर आणि स्टॉर्नेटा ह्या दोघांनी १९९१ मधेच कागदपत्रांवर तारखेचा शिक्का मारण्यासाठी अशी साखळी मांडली होती आणि नंतर ते लोक आपल्या साखळीचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातीत छापायचे, की बाबा आता पेपर सगळ्या गावात वाटला गेलाय, बदला हिंमत असेल तर.

एका ब्लॉकमधल्या हजारो व्यवहारांचा एकच हॅश करायला मर्कल ट्री वापरतात, राल्फ मर्कल ह्यांची १९७९ ची युक्ती. दोन-दोनच्या जोड्या लावून हॅश, मग त्या हॅशच्या जोड्या, असं वर वर जात एकच उरतो. कागदाच्या चिठ्ठ्या करून जेवणाच्या टेबलावर मांडा, आठ चिठ्ठ्या पुरे. एखादा व्यवहार ब्लॉकमधे आहे हे सिद्ध करायला चार हजार व्यवहार दाखवावे लागत नाहीत, फक्त १२ हॅश पुरतात, ते का हे चिठ्ठ्या मांडल्यावर आपोआप कळतं. चिठ्ठ्या विषम झाल्या तर बिटकॉइन शेवटची चिठ्ठी स्वतःशीच जोडतं.

तिसरी पायरी: घड्याळाचं गणित

इथे बरेच जण गळतात, खरंतर गळण्यासारखं काही नाही. दहा वाजता निघालो, पाच तास लागले, किती वाजले? तीन. पंधरा म्हणत नाही आपण. झालं, हेच मॉड्यूलो गणित, फक्त १२ च्या जागी एखादी मूळ संख्या घ्यायची, समजा १७. बेरीज, वजाबाकी, गुणाकार सोपे, उत्तरातून १७ च्या पटी काढून टाकायच्या. भागाकार जरा वेगळा. १० ने भागायचं म्हणजे १० चा व्यस्त शोधायचा, असा आकडा की ज्याने १० ला गुणलं की उरेल १. इथे तो १२ आहे, कारण १० गुणिले १२ म्हणजे १२०, त्यातून ११९ गेले, उरला १.

छोट्या संख्येत व्यस्त एकेक आकडा ताडून सापडतो, मोठ्या संख्येत वाढीव युक्लिडची रीत लागते. आर्यभटाचं कुट्टक म्हणतात ते मुळात ह्याच जातीचं गणित आहे. (हे वाचून "आपल्या पूर्वजांनी बिटकॉइन शोधला होता" असा फॉरवर्ड कृपया बनवू नका.) वहीत १७ चा पूर्ण व्यस्तांचा तक्ता करा, १ ते १६. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढच्या पायरीला तो समोर लागणारच आहे.

चौथी पायरी: वक्र, वहीवर

ह्या पायरीवर मी मुद्दाम जास्त वेळ घालवायला सांगतो, पंधरा दिवस लागले तरी चालतील. बिटकॉइनची पब्लिक की, म्हणजे जगाला दाखवायची किल्ली, हा एका वक्रावरचा एक बिंदू असतो. वक्राचं समीकरण अगदीच साधं आहे: य² = क्ष³ + ७. फक्त हे सगळं प्रचंड मोठ्या मूळ संख्येच्या घड्याळात चालतं, ती संख्या म्हणजे २ चा २५६ वा घात, वजा २ चा ३२ वा घात, वजा ९७७. आपण तेच समीकरण १७ च्या घड्याळात घेऊ.

क्ष = १ टाका. १ + ७ = ८. आता १७ च्या घड्याळात ८ कुणाचा वर्ग आहे? ५ चा, कारण २५ मधून १७ गेले की ८. म्हणजे (१, ५) हा बिंदू वक्रावर आहे. ह्याला आपण ग म्हणू, हा आपला सुरुवातीचा बिंदू. ह्याची स्वतःशीच बेरीज करायची तर स्पर्शिकेचा चढ काढायचा, ३ क्ष² भागिले २ य, म्हणजे ३ भागिले १०. भागिले १० म्हणजे गुणिले १२ (तक्ता समोर आहे ना?), ३६, म्हणजे २. चढ २. नवा क्ष म्हणजे चढाचा वर्ग वजा दोनदा जुना क्ष, ४ − २ = २. नवा य म्हणजे चढ गुणिले (जुना क्ष − नवा क्ष) वजा जुना य, २ × (१ − २) − ५ = −७, म्हणजेच १०. तर २ग = (२, १०). ताळा करून बघा: ८ + ७ = १५, आणि १० चा वर्ग १००, त्यातून ८५ गेले, १५. जमलं!

असंच पुढे जात राहा, फक्त दोन वेगळ्या बिंदूंची बेरीज असेल तेव्हा चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक, आणि नव्या क्ष साठी चढाच्या वर्गातून दोघांचे क्ष वजा. तुम्हाला (५, ९) मिळेल, मग (१२, १), मग (१२, १६), (५, ८), (२, ७), (१, १२). चौथा आणि पाचवा बघा, क्ष तोच, य एकमेकांचे आरसे, १ आणि १६. तिथून सगळं उलट्या क्रमाने परत येतं आणि नवव्या वेळी चढही निघत नाही आणि बिंदूही नाही, अनंतातला बिंदू, म्हणजे ह्या बेरजेतलं शून्य. ही नऊ पावलं हाताने चालल्याशिवाय पुढे जाऊ नका, मामेभावालाही मी हेच बजावलं होतं, त्याने अर्थातच कॅल्क्युलेटर वेबसाइट शोधली आणि पुढच्या पायरीला आपटला.

आता गंमत. मी तुम्हाला ग सांगितला आणि (५, ८) सांगितला, आणि विचारलं की ग किती वेळा मिळवलाय? तुम्ही यादी बघून सहा सांगाल, कारण यादी नऊचीच आहे. खऱ्या वक्रावर यादीची लांबी ७८ अंकी संख्या आहे. पुढे जायला दुप्पट, दुप्पट करत काही शे पावलात पोचता येतं, मागे यायला आज कुणाकडेच परवडणारा रस्ता नाही. "किती वेळा" हा आकडा तुमची गुप्त ठेवायची प्रायव्हेट की, आणि शेवटी जिथे पोचलात तो बिंदू पब्लिक की.

अजून हात साफ करायचा तर १७ ऐवजी ६७ घ्या, सुरुवातीचा बिंदू (२, २२), दुप्पट केल्यावर (५२, ७) आलं पाहिजे. ह्या वक्रावर अनंत धरून ७९ बिंदू आहेत आणि ७९ मूळ संख्या आहे, सह्यांसाठी तसलंच लागतं. १७ वाला आपला वक्र त्या बाबतीत अगदी बाळबोध.

पाचवी पायरी: सही, आणि सही कशी फुटते

लोकांचा एक घट्ट गैरसमज असतो, नावात क्रिप्टो आहे म्हणजे सगळं गुप्त, कुलूपबंद. बिटकॉइनच्या खातेवहीत काहीही एन्क्रिप्ट केलेलं नाही, सगळे व्यवहार उघडे आहेत, कुणीही वाचावेत. क्रिप्टोग्राफी आहे ती सहीसाठी आणि हॅशसाठी. सही कशी करतात ह्यापेक्षा सही कशी फुटते हे केलं की विषय जास्त पक्का होतो, म्हणून तेच करू.

सहीचं समीकरण असं आहे: स × न = ह + र × ग. (इथे ग म्हणजे गुप्त प्रायव्हेट की, वरचा बिंदू नव्हे, अक्षरं संपली माझ्याकडची.) ह म्हणजे मेसेजचा हॅश, न म्हणजे प्रत्येक सहीला नव्याने काढायचा गुप्त आकडा, र हा न वरूनच निघतो, आणि र व स मिळून सही होते. जगाला दिसतं ते ह, र आणि स. दिसत नाही ते न आणि ग. एका समीकरणात दोन अज्ञात, म्हणजे सुटत नाही. छान.

पण एखाद्याने आळस केला आणि दोन वेगळ्या मेसेजना तोच न वापरला तर? दोन समीकरणं, दोन अज्ञात. दहावीचा पहिला धडा! २३ च्या घड्याळात करून बघा. समजा र ४ आला. पहिल्या मेसेजचा ह १०, सहीतला स ३. दुसऱ्याचा ह १७, स ९. वजाबाकी करा: ६ × न = ७. ६ चा व्यस्त ४ (चोवीस म्हणजे १), म्हणून न = २८ म्हणजे ५. हा पहिल्या समीकरणात टाका: १५ = १० + ४ग, म्हणजे ४ग = ५, ४ चा व्यस्त ६, ग = ३० म्हणजे ७. गेली की प्रायव्हेट की, दोन मिनिटात, पेनाने.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. २०१० साली सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची सही करायची की अशीच बाहेर आली, कारण तो आकडा दर वेळी बदलायचाच राहिला होता. ऑगस्ट २०१३ मधे अँड्रॉइडच्या रँडम आकडे देणाऱ्या भागात चूक निघाली आणि काही लोकांच्या मोबाइल वॉलेटमधले (प्रायव्हेट की सांभाळणारं अ‍ॅप) बिटकॉइन चोरीला गेले. म्हणून आता बरीच वॉलेट न हा आकडा रँडम काढतच नाहीत, मेसेज आणि प्रायव्हेट की ह्यांच्या हॅशमधून ठरलेल्या रीतीने काढतात. गणित मोडलं नव्हतं, वापरणाऱ्याने माती खाल्ली होती, आणि ह्या क्षेत्रातल्या बहुतेक भानगडी अशाच असतात.

पुढच्या थिअरीसाठी स्टॅनफर्डचे डॅन बोने ह्यांचा क्रिप्टोग्राफीचा ऑनलाइन कोर्स घ्या, जरा घाम काढतो पण माणूस सुंदर शिकवतो. कोडी सोडवत शिकायची आवड असेल तर क्रिप्टोहॅक नावाची साइट आहे, फुकट आहे, आणि व्यसन लागतं.

सहावी पायरी: आता सातोशीचा तो नऊ पानी पेपर वाचा

आत्ता, आधी नाही. सातोशीने ३१ ऑक्टोबर २००८ ला टाकलेला पेपर फक्त ९ पानांचा आहे, आणि त्यात ब्लॉकचेन हा शब्दच नाही, नंतर लोकांनी तो चिकटवला. इथपर्यंत वही भरली असेल तर पहिली आठ पानं दोन बैठकीत संपतात. नवीन असं एकच उरतं: एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी कुठली वही खरी मानायची? भिशीत दहा बायका असतात, सगळ्या एकमेकींना ओळखतात, कुणी घोटाळा केला तर जिन्यात गाठता येतं. इथे कुणी कुणाला ओळखत नाही आणि एक माणूस हजार नावांनी मत देऊ शकतो, म्हणून मत माणसागणिक नाही तर कम्प्युटरने खर्च केलेल्या कामागणिक मोजायचं, हे उत्तर. काम मोजायची युक्ती अ‍ॅडम बॅक ह्यांनी १९९७ मधे ईमेलचा स्पॅम रोखायला काढलेली होती. म्हणजे सुटे भाग सगळे आधीच बाजारात होते, सातोशीने गाडी जुळवली.

शेवटच्या पानांवर एक तक्ता आहे, तो वगळू नका. जुनं पान बदलायला बघणाऱ्या हल्लेखोराकडे एकूण कम्प्युटर ताकदीच्या १० टक्के असेल तर आपल्या व्यवहारावर ५ ब्लॉक चढेपर्यंत थांबलं की त्याला मागून गाठायची शक्यता हजारात एकापेक्षा कमी होते. ३० टक्के असेल तर २४ ब्लॉक. ४५ टक्के असेल तर ३४०! हे आकडे स्वतः पायथनमधे काढून बघा, पेपरमधे छोटा प्रोग्रॅमही दिलेला आहे, सी मधे, तो पायथनमधे उतरवायचा.

सातवी पायरी: स्वतःची साखळी

शंभर-दीडशे ओळीत होते. ब्लॉकमधे मागचा हॅश, व्यवहार, वेळ आणि नॉन्स नावाचा आकडा ठेवायचा आणि हॅशच्या सुरुवातीला ठराविक शून्यं येईपर्यंत नॉन्स वाढवत राहायचा, ह्यालाच मायनिंग म्हणतात. हेक्समधली ४ शून्यं मागितली तर सरासरी ६५,५३६ प्रयत्न लागतात, आणि प्रत्येक शून्य वाढवलं की सोळापट. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ४ शून्यं पापणी लवेपर्यंत सापडतात, ६ मागितली की मी चहा टाकायला उठतो. सरासरी हा शब्द नीट घ्या, कधी दोन हजारात लागतं कधी दोन लाखातही लागत नाही, आणि "आता इतके प्रयत्न झाले म्हणजे जवळ आलं असेल" असं इथे काही नसतं, लॉटरीला मागच्या तिकिटांची आठवण नसते.

मग खऱ्या ब्लॉकवर या. बिटकॉइनच्या ब्लॉकचं शीर्षक बरोबर ८० बाइटचं असतं: आवृत्ती ४, मागचा हॅश ३२, मर्कलचा मूळ हॅश ३२, वेळ ४, काठिण्य ४, नॉन्स ४. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्याच ब्लॉकचे आकडे घ्या, ८० बाइट जुळवा आणि दोनदा शा-२५६ करा. हो, दोनदा. आणि तरी उत्तर जुळणार नाही, कारण बाइटांचा क्रम उलटा असतो, आत भरताना आकडे आणि हॅश उलटे भरायचे आणि दाखवताना शेवटचा हॅश उलटा करून दाखवायचा, त्यामुळे शून्यं पुढे दिसतात. ह्या उलटसुलटीत प्रत्येक जण एक रविवार घालवतोच, तुम्हीही घालवा, पण ज्या क्षणी ते ६४ अक्षरी उत्तर जुळतं ना, त्या दिवशी घरच्यांना उगाच काहीतरी गोड खाऊ घातलं होतं मी.

आठवी पायरी: खरं सॉफ्टवेअर, खोटे पैसे

बिटकॉइन कोअर, म्हणजे बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर, डाउनलोड करा. पूर्ण इतिहास उतरवायचा तर ५०० जीबीच्या वर डेटा येतो, तुमच्या ब्रॉडबँडचा महिन्याचा कोटा बघून करा. डिस्क लहान असेल तर प्रूनिंग करून (जुने ब्लॉक पुसून) ब्लॉकची साठवण ५५० एमबीपर्यंत आणता येते, डाउनलोड मात्र सगळंच होतं. शिकायला ह्यातलं काहीच नको, रेगटेस्ट मोड चालू करा, ते तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपवरचं खाजगी नेटवर्क आहे. एक कमांड, एक ब्लॉक. आणि पहिला ब्लॉक काढून बॅलन्स बघाल तर शून्य! घाबरू नका, मायनिंगचं बक्षीस आणखी १०० ब्लॉक झाल्याशिवाय वापरता येत नाही, १०१ काढा, ५० दिसतील. मग स्वतःच स्वतःला पाठवा, कच्चा व्यवहार उलगडून बघा, सही कुठे आहे ती शोधा. इतरांबरोबर खेळायचं असेल तर सिग्नेट आहे, तिथली नाणी फुकट मिळतात, कुणी टेस्टची नाणी विकत असेल तर तो चोर आहे.

वॉलेट परत मिळवायचा बारा शब्दांचा तो प्रसिद्ध बॅकअप इथेच समजून घ्या. यादीत २०४८ शब्द, म्हणजे प्रत्येक शब्द ११ बिट, बारा शब्दांचे १३२, त्यातले १२८ रँडम आणि ४ ताळ्याचे. म्हणूनच मनाने निवडलेले बारा शब्द बहुतेक वेळा वॉलेट नाकारतं. जोडीला मराठीत पासफ्रेज (वरचा जास्तीचा पासवर्ड) ठेवायचा मोह झाला तर वरचा ऱ्या आठवा, दुसऱ्या कीबोर्डवर टाईप केलात आणि मधे तो अदृश्य जॉइनर घुसला तर वॉलेट उघडेल, पण रिकामं, कारण ते दुसरंच वॉलेट असेल.

त्यानंतर

इथरियम ही दुसरी ब्लॉकचेन ३० जुलै २०१५ ला सुरू झाली, तिच्या साखळीवर नुसते पैसे (त्यांचं नाव इथर) नाही तर प्रोग्रॅमही चालतात, त्यांना कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. ते लिहायला रिमिक्स नावाचा एडिटर ब्राउझरमधेच उघडतो, त्यासाठीची सॉलिडिटी भाषा आठवड्यात हाताला बसते. एकच खड्डा आधी सांगतो, इथरियमचा हॅश केकॅक-२५६ आहे आणि पायथनमधला शा-३ त्याच्याशी जुळत नाही, कारण अमेरिकेच्या निस्ट ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१५ मधे मानक पक्कं करताना भरणाचा (पॅडिंगचा) एक छोटा भाग बदलला आणि इथरियम जुन्याच रूपावर राहिलं. इथरियमवरच्या डीएओ नावाच्या फंडावरचा जून २०१६ चा हल्ला नीट वाचा, ३६ लाख इथर एका चुकीच्या क्रमामुळे वळवले गेले, आधी पैसे दिले आणि मग खात्यातून वजा केले, तेवढ्या फटीतून समोरचा परत परत काढत राहिला. तसला कॉन्ट्रॅक्ट रिमिक्समधे लिहून स्वतः लुटून बघा. सप्टेंबर २०२२ पासून इथरियमने मायनिंग सोडलंय, आता कमीत कमी ३२ इथर गहाण ठेवून मत देतात, पण ते समजून घेण्याआधी बायझंटाइन जनरलांचं १९८२ चं कोडं (काही जण दगा देणारे असताना एकमत कसं करायचं) वाचून घ्या.

झिरो नॉलेज प्रूफ, क्वांटम कम्प्युटर, ही प्रकरणं सहा महिन्यांनी. रिझर्व्ह बँकेचा ई-रुपी (डिजिटल रुपया) १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरात निवडक सामान्य लोकांसाठी प्रायोगिक तत्त्वावर आला, त्यावर मात्र आत्ताही एक व्यायाम करता येईल: त्याला मायनिंगची गरज का नाही, हे अर्ध्या पानात लिहा. आणि नातेवाईक महिन्याला १० टक्के देणारी क्रिप्टो स्कीम घेऊन आले तर त्यांच्याकडे हॅश कुठला, सही कुठली, नोड (साखळीची प्रत ठेवून तपासणारा कम्प्युटर) कुठे चालवता, एवढंच विचारा. गेनबिटकॉइन नावाच्या अशाच स्कीमचं प्रकरण २०१८ मधे पुण्यात पोलिसांकडे गेलं त्यातही वायदा हाच होता, महिन्याला १० टक्के, १८ महिने.

मामेभाऊ सध्या सहाव्या पायरीवर आहे. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज, "दादा ४५ टक्क्याला ३४० येत नाहीये, ३३९ येतंय." लूप शून्यापासून सुरू केलाय का एकापासून ते बघ म्हटलं, आणि झोपलो.